ड्युटी शून्य झाली, तरी ट्रक बॉर्डरवर का उभा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: युगोस्लाव्हियातून फुटलेल्या देशांनी आपसात मुक्त व्यापार करार केला, ड्युटी काढून टाकली, तरी त्यांचा आपसातला व्यापार जुन्या पातळीला का गेला नाही? असे करार शेजाऱ्यांच्या तुटलेल्या अर्थव्यवस्था पुन्हा सांधू शकतात, की ते फोटोपुरतेच असतात? आणि पुढचं पाऊल म्हणून कस्टम्स युनियन, म्हणजे आपसात ड्युटी नाही आणि बाहेरच्या मालावर सगळ्यांची ड्युटी एकच, अशी व्यवस्था केली तर?

मी रूल्स ऑफ ओरिजिन, म्हणजे मालाचा मूळ देश ठरवण्याचे नियम, आणि कस्टम्सची कागदपत्रं यातच काम करते. त्यामुळे माझं उत्तर बॉर्डरवरच्या खिडकीतून दिसतं तसं असेल. परराष्ट्र धोरणाचा अभ्यासक बहुधा दुसऱ्या टोकापासून सुरुवात करेल.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात, त्या आधी सोडवून घेऊ. एक म्हणजे जुनी अर्थव्यवस्था परत येणं: तेच कारखाने, तेच पुरवठादार, तीच गिऱ्हाइकं. दुसरी म्हणजे आजच्या परिस्थितीत शेजाऱ्यांमध्ये नव्याने व्यापार उभा राहणं. पहिली गोष्ट जवळजवळ कधीच होत नाही. दुसरी होते, पण करारावर सह्या झाल्या म्हणून आपोआप होत नाही.

किती होते हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे, म्हणून सरसकट आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. शेजारी मोठी बाजारपेठ आहे का? दोन्ही देश एकमेकांना लागणारा माल बनवतात, की दोघंही मका, लाकूड आणि तयार कपडेच विकतात? माल नाशवंत आहे का? आणि मुख्य म्हणजे, वेगळं होताना झालेलं भांडण मिटलंय की नुसतं झाकलंय?

जुनं का परत येत नाही, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण युगोस्लाव्हिया नव्हे, चेकोस्लोव्हाकिया. 1 जानेवारी 1993 ला दोन देश झाले. युद्ध नाही, बहिष्कार नाही, भाषा एकमेकांना समजणाऱ्या, कायदे सारखेच. पहिल्या दिवसापासून कस्टम्स युनियन, म्हणजे ड्युटीचा प्रश्नच नाही. सामायिक चलन मात्र 8 फेब्रुवारीलाच मोडलं. आणि त्या दोघांमधला व्यापार घसरला. कारण साधं आहे. एका राज्यात असताना कोणाकडून काय घ्यायचं हे बऱ्याच अंशी नियोजनाने आणि सवयीने ठरत होतं. दार उघडल्यावर दोघांनाही जर्मन गिऱ्हाईक दिसलं. कोणी कोणावर रागावलं नव्हतं, हिशेब बदलला होता.

युगोस्लाव्हियात या हिशेबावर युद्ध, 1992 पासूनचे निर्बंध आणि फसलेली खाजगीकरणं यांची भर पडली. सर्बियातल्या क्रागुयेवात्सचा झास्तावा कारखाना बघा. तिथे ‘युगो’ मोटार बनायची आणि तिचे सुटे भाग निरनिराळ्या प्रजासत्ताकांतल्या कारखान्यांतून यायचे. फाळणीनंतर ती साखळी तुटली, 1999 च्या बॉम्बहल्ल्यात कारखान्याचंही नुकसान झालं. 2008 मध्ये फियाटने सर्बिया सरकारबरोबर भागीदारी केली आणि 2012 पासून तिथे ‘500एल’ बनू लागली. कारखाना परत आला म्हणा हवं तर. पण आता त्याचा हिशेब इटलीत होत होता, गिऱ्हाईक पश्चिम युरोपात आणि अमेरिकेत होतं. पूर्वीच्या पुरवठादारांपैकी कितीतरी जणांची जागा तोवर दुसऱ्यांनी घेतली होती. त्यांच्यासाठी कोणताही करार मागच्या तारखेने लागू होत नाही.

म्हणून मी म्हणते, शेजाऱ्यांमधला करार हा जुनं घर परत बांधायचा नकाशा नसतो. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे: लहान देशांनी मिळून मोठ्या बाजारपेठेत शिरण्यासाठी. इथूनच माझा विषय सुरू होतो.

बाल्कन देशांचा करार म्हणजे सेफ्टा, ‘सेंट्रल युरोपियन फ्री ट्रेड अ‍ॅग्रीमेंट’. मूळ सेफ्टा 1992 चा, पोलंड, हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकियाचा. ते सगळे युरोपीय संघात गेल्यावर नाव तेच ठेवून 2006 मध्ये बुखारेस्टला नवा करार झाला आणि 2007 मध्ये लागू झाला. त्याआधी त्या भागात 32 द्विपक्षीय करार होते, प्रत्येकाचे नियम वेगळे, सवलतींच्या याद्या वेगळ्या. त्या सगळ्यांच्या जागी एक करार आला. बातम्यांमध्ये ‘ड्युटी शून्य’ हेच गाजलं, पण माझ्या धंद्यातल्या लोकांना 32 चा एक झाला हे जास्त महत्त्वाचं वाटलं.

का, ते एका हिशेबावरून बघा. समजा एका देशात मोटारीचं वायरिंग हार्नेस, म्हणजे तारांचा जोडलेला संच, बनतं. कारखान्याच्या दाराशी किंमत 100 युरो. त्यात 55 युरोचा माल बाहेरचा: तांब्याची तार, कनेक्टर, टेप. नियम म्हणतो, बाहेरचा माल 50 टक्क्यांपेक्षा जास्त नको. म्हणजे हे हार्नेस या देशाचं मानलं जाणार नाही आणि शेजारी देश त्यावर पूर्ण ड्युटी घेईल, ‘मुक्त व्यापार’ असला तरी. आता त्या 55 पैकी 20 युरोचे कनेक्टर करारातल्याच दुसऱ्या देशाचे आहेत, आणि करारात ‘क्युम्युलेशन’ची सोय आहे, म्हणजे भागीदार देशाचा माल आपलाच धरायचा. बाहेरचा माल 35 वर आला, हार्नेस पास. कारखाना तोच, कामगार तेच, कागदावरचा एक परिच्छेद वेगळा. 32 वेगळे करार असताना ही बेरीज करताच येत नव्हती. पुढे सेफ्टा आणि युरोपीय संघ यांचे नियम युरोप आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांच्या एकाच पॅन-युरो-मेडिटरेनियन चौकटीत जोडले गेले, तेव्हा सर्बियातला भाग मॅसेडोनियात जोडून जर्मनीला पाठवणं खऱ्या अर्थाने परवडू लागलं.

उलट बाजूही सांगते, कारण नियम सैल असले की काय होतं हे भारताने अनुभवलंय. भारत-श्रीलंका करार 2000 पासून लागू आहे. स्थानिक मूल्यवर्धन 35 टक्के असलं की ड्युटीची सवलत. भारतात त्या वेळी पामतेलावर मोठी ड्युटी होती, श्रीलंकेत कमी. मग काय, पामतेल श्रीलंकेत आणायचं, तिथे त्याचं वनस्पती तूप करायचं आणि ते भारतात शून्य ड्युटीने पाठवायचं. तांब्याच्या भंगाराचंही तसंच. कारखाने उभे राहिले, त्यात भारतीय गुंतवणूकदारही होते. इथल्या उत्पादकांनी ओरड केली, कोटा आला, पुढे भारताने तेलावरची ड्युटी उतरवली आणि तो सगळा उद्योग झोपला. म्हणजे दोन देशांच्या ड्युटीतला फरक हाच तिथला कच्चा माल होता. त्या काळच्या आकडेवारीत मात्र हा व्यापार ‘कराराचं यश’ म्हणून मोजला गेला.

आता कागद. सवलत घ्यायची तर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन लागतं. युरोपच्या पद्धतीत त्यासाठी ‘ईयूआर 1’ नावाचा फॉर्म असतो. त्यात निर्यातदार, माल, वजन, इनव्हॉइस आणि शेवटी कस्टम्सचा शिक्का व सही. या फॉर्मवर माल अडण्याची कारणं ऐकून बाहेरच्या माणसाला हसू येतं. सही करणारा अधिकारी बदललाय आणि त्याच्या सहीचा नमुना पलीकडच्या कस्टम्सकडे पोचलेला नाही: नामंजूर. एचएस कोडची, म्हणजे मालाच्या वर्गीकरण क्रमांकांची, जागतिक यादी 2012, 2017, 2022 अशी दर काही वर्षांनी बदलते. करारातले नियम जुन्या आवृत्तीवर आणि आयात करणाऱ्या देशाचं टॅरिफ नव्या आवृत्तीवर असेल तर एकाच मालाला दोन कोड लागतात: शंका, चौकशी, तोवर डिपॉझिट भरा. शिक्का पुसट आला: परत पाठवा. यात बेकायदा काहीच नाही. त्या अधिकाऱ्याच्या जागी तुम्ही असाल तर तुम्हीही अडवाल, कारण सवलत चुकीची दिली तर जाब त्याला विचारतात, माल उगाच अडकवला तर कोणीच विचारत नाही.

म्हणून लहान निर्यातदार एक सरळ हिशेब करतो. साधी ड्युटी 2-3 टक्के असेल तर तो सर्टिफिकेटच्या फंदात पडत नाही, ड्युटी भरून मोकळा होतो. ड्युटी 15-20 टक्के असेल तरच कागदांची खटपट परवडते. करार आहे पण वापरला जात नाही, असं कुठे ऐकलंत तर आधी हा फरक किती आहे ते बघा.

शिक्क्यावरून कोसोवोची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कोसोवो सेफ्टामध्ये आला तो संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनामार्फत, म्हणजे ‘अनमिक’च्या नावाने. फेब्रुवारी 2008 मध्ये त्याने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि कागदांवर कोसोवोचा स्वतःचा शिक्का येऊ लागला. सर्बियाने तो मान्य करायला नकार दिला, कारण शिक्का मानणं म्हणजे देश मानणं अशी त्यांची भीती. त्यामुळे कोसोवोचा माल सर्बियात जाईना, सर्बियाचा मात्र कोसोवोत येत राहिला. जुलै 2011 मध्ये कोसोवोने सर्बियाच्या मालावर बंदी घातली, बॉर्डर चौक्यांचा ताबा घेण्यावरून हिंसाचार झाला, यारिन्येची चौकी जाळली गेली. सप्टेंबरमध्ये युरोपीय संघाच्या मध्यस्थीने तोडगा निघाला: शिक्क्यावर ‘कस्टम्स ऑफ कोसोवो’ एवढीच अक्षरं, झेंडा नाही, राजचिन्ह नाही, ‘प्रजासत्ताक’ हा शब्द नाही. प्रत्येकाने आपल्याला हवा तो अर्थ घ्यायचा. माझ्या मते हा गेल्या काही दशकांतला सगळ्यात हुशार कस्टम्स तोडगा आहे, आणि त्यात ड्युटीचा एक पैसाही गुंतलेला नव्हता.

तोही कायम टिकला नाही, हेही खरं. नोव्हेंबर 2018 मध्ये कोसोवोने सर्बिया आणि बोस्नियाच्या मालावर आधी 10 आणि मग थेट 100 टक्के ड्युटी लावली. सेफ्टा तेव्हाही लागूच होता. ती ड्युटी 2020 मध्ये उठली, तीही कराराच्या कलमामुळे नव्हे, राजकीय दबावामुळे. तिसऱ्याच्या मध्यस्थीवर चालणारे करार असे असतात: त्यात वाद सोडवण्याची यंत्रणा लिहिलेली असते, पण तिचा निकाल न मानल्याची शिक्षा कोण देणार हे नसतं.

ड्युटी आणि मूळ देश यांच्या पलीकडचा तिसरा अडथळा म्हणजे तपासणी. 1 जुलै 2013 ला क्रोएशिया युरोपीय संघात गेला आणि सेफ्टामधून बाहेर पडला. त्या दिवसापासून बोस्नियाच्या डेअऱ्यांचं दूध क्रोएशियात जाणं बंद. दूध आदल्या दिवशी होतं तसंच होतं. फरक एवढाच की आता युरोपीय संघाने मान्य केलेली पशुवैद्यकीय नियंत्रण व्यवस्था दाखवायला हवी होती, आणि बोस्नियात हे अधिकार केंद्र आणि दोन घटक प्रांत यांच्यात वाटलेले. कोणाची प्रयोगशाळा, कोणाची सही, यावर घोडं अडलं. मार्ग निघायला दोनेक वर्षं गेली. डेअरीवाल्याला या वादात बोलायला जागाच नव्हती.

म्हणून कोणी मला विचारलं की शेजाऱ्यांमध्ये पहिला खर्च कशावर करावा, तर मी प्रयोगशाळांची परस्पर मान्यता आणि मालाची माहिती आधी पाठवणारी संगणक व्यवस्था ही दोन नावं घेते. 2020 च्या साथीत बाल्कन देशांनी ‘ग्रीन कॉरिडॉर’ सुरू केले: औषधं आणि अन्न घेऊन जाणाऱ्या ट्रकची माहिती आधी पुढच्या चौकीला जायची, ट्रकला वेगळी लेन मिळायची. एरवी वर्षानुवर्षं ‘तांत्रिक अडचणी’ सांगून रखडलेलं काम काही आठवड्यांत झालं. आफ्रिकेत झांबिया आणि झिंबाब्वेच्या सीमेवर चिरुंडूला 2009 पासून दोन्ही देशांचे अधिकारी एकाच छताखाली बसतात. ट्रक एकदाच थांबतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एका देशाच्या अधिकाऱ्याने दुसऱ्याच्या जमिनीवर बसून कायदा चालवायचा तर दोन्हीकडच्या संसदांना वेगळे कायदे करावे लागतात.

मोडलेलं परत जुळवल्याचं उदाहरण हवं असेल तर पूर्व आफ्रिकेचं बघा. केनिया, युगांडा आणि टांझानिया यांचा संघ 1967 चा. रेल्वे, बंदरं, विमान कंपनी, टपाल सगळं सामायिक होतं. 1977 मध्ये तो मोडला. इदी अमीनने युगांडात सत्ता बळकावल्यावर टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे त्याच्याबरोबर एका टेबलाशी बसायला तयार नव्हते, हे एक कारण. पण आतली कुरबुर जुनी होती: कारखाने केनियात, फायदा केनियाला. टांझानियाने केनियाशी असलेली सीमाच बंद केली, ती 1983 पर्यंत. सामायिक मालमत्तेची वाटणी 1984 मध्ये झाली.

नवा करार 1999 मध्ये झाला, आणि या वेळी त्यांनी जुन्या तक्रारीला थेट हात घातला. 2005 ची कस्टम्स युनियन सुरू करताना टांझानिया आणि युगांडाचा माल केनियात लगेच शून्य ड्युटीने, पण केनियाच्या ठरावीक मालावर त्यांनी पाच वर्षं उतरती ड्युटी ठेवायची. बलवान भागीदाराने आधी दार उघडायचं, दुबळ्याने सावकाश. करार वाचताना मी ड्युटीच्या तक्त्याआधी अशी असमान मुदत आहे का ते शोधते. सगळ्यांना एकाच दिवशी एकच नियम लावणारा करार दिसायला न्याय्य असतो, पण दुबळा भागीदार दुसऱ्या वर्षीच पळवाटा काढू लागतो. पूर्व आफ्रिकेतही सगळं आलबेल नाही म्हणा. रवांडाने युगांडाशी भांडण झाल्यावर गाटुनाची सीमा फेब्रुवारी 2019 पासून जानेवारी 2022 पर्यंत बंद ठेवली होती, दोघंही सामायिक बाजारपेठेचे सभासद असताना.

दक्षिण आशियाबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे करार परीक्षेला बसलेलाच नाही. साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई देशांचा मुक्त व्यापार करार, 2006 पासून लागू आहे, पण प्रत्येक देशाने आपली लांबलचक ‘सेन्सिटिव्ह लिस्ट’, म्हणजे सवलत न द्यायच्या मालाची यादी, ठेवली आणि नेमका विकता येण्याजोगा माल तिच्यात घातला. भारत आणि पाकिस्तानमधला व्यापार 2019 नंतर जवळपास थांबला. भारत-बांगलादेश सीमेवर पेट्रापोल-बेनापोलला एका देशाच्या ट्रकमधला माल उतरवून दुसऱ्या देशाच्या ट्रकमध्ये चढवण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालत आलीय. हमालीचा तो खर्च कोणत्याही टॅरिफच्या पुस्तकात सापडणार नाही.

राहिला कस्टम्स युनियनचा प्रश्न. फायदा उघड आहे: बाहेरच्या मालावर सगळ्यांची ड्युटी एकच असेल तर आत मूळ देश तपासायची गरज बरीचशी संपते. श्रीलंकेतल्या वनस्पती तुपासारखा खेळ तिथे खेळताच येत नाही. वर सांगितलेलं सहीच्या नमुन्यांचं नाटकही बंद.

पण मग दोन भांडणं नवी येतात. पहिलं, बाहेरची ड्युटी किती? ज्या देशात पोलादाचा कारखाना आहे त्याला ती जास्त हवी, ज्याला पोलाद विकत घ्यायचंय त्याला कमी. दुसरं, गोळा झालेला पैसा कोणाचा? माल बंदरात उतरतो, ड्युटी तिथेच भरली जाते, आणि तो माल खरं तर आतल्या, समुद्र नसलेल्या देशात जायचा असतो. दक्षिण आफ्रिकेच्या भोवतीची कस्टम्स युनियन 1910 पासून चालत आलीय, जगातली सगळ्यात जुनी. तिथे ड्युटीचा सामायिक निधी असतो आणि तो सूत्राने वाटला जातो. लेसोथो आणि एस्वातिनी यांच्या सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग या वाट्यातून येतो. म्हणजे दक्षिण आफ्रिकेतली आयात मंदावली की लेसोथोमधले पगार अडचणीत. युनियन टिकलीय ती या पैशामुळे, आणि दर वेळी वाद होतो तोही याच पैशावरून.

बाल्कनमध्ये 2017 च्या सुमारास ही कल्पना निघाली होती. काही देशांना त्यात युरोपीय संघाच्या सभासदत्वाऐवजी हातात ठेवलेलं खेळणं दिसलं, काहींना सर्बियाच्या वर्चस्वाची भीती वाटली. मग बेत खाली आणून ‘सामायिक प्रादेशिक बाजारपेठ’ असं नाव दिलं गेलं आणि 2020 मध्ये तिच्या आराखड्यावर सह्या झाल्या. मला विचाराल तर तो निर्णय बरोबर होता. ज्या देशांना एका शिक्क्यावरची अक्षरं ठरवायला साडेतीन वर्षं लागली, त्यांनी इतक्यात ड्युटीच्या सामायिक तिजोरीची किल्ली कोणाकडे ठेवायची या वादात पडू नये. आधी पशुवैद्यकीय सर्टिफिकेटं एकमेकांची मानावीत, माहिती संगणकावरून पाठवावी. आणि त्यातला जो युरोपीय संघात जाईल त्याला त्या दिवशी संघाचंच बाहेरचं टॅरिफ घ्यावं लागेल, शेजाऱ्यांबरोबर ठरवलेलं टॅरिफ तिथेच संपेल.